वहीची मागची पाने

यवतमाळचा नवरात्रोत्सव ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्यापुढे त्याचे वर्णन करण्यात अर्थ नाही. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत आपल्या शहरातील चौक ओळखू येत नाहीत. कुठे दाक्षिणात्य मंदिराचे गोपुर उभे राहते, कुठे राजवाड्याची कमान; आर्णी, दारव्हा, घाटंजी, पांढरकवडा या बाजूंनी येणाऱ्या वाहनांनी रात्री रस्ते भरून जातात. कोलकात्यानंतर दुर्गोत्सव पाहावा तो यवतमाळचाच, असे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. त्यात अतिशयोक्ती किती, हे कोलकात्याला जाऊन आलेल्यांनी ठरवावे. प्रस्तुत लेख मात्र या नऊ दिवसांचा नाही. उरलेल्या ३५६ दिवसांत ही तरुण मंडळे काय करीत असतात, याचा जमाखर्च माझ्या हाती अनपेक्षितपणे आला. म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

आमच्या पेठेतील मंडळाचे नाव मी येथे देत नाही, कारण तशी त्यांचीच अट आहे. "काकाजी, नाव छापलं की लोक म्हणतात, हे छापून यायसाठीच करतात," असे त्यांचे म्हणणे. यवतमाळकर वाचक वर्णनावरून ओळखतीलच. आणि ज्यांना ओळखता येणार नाही, त्यांच्या गल्लीतही असे एखादे मंडळ असेलच.

गेल्या वर्षी विसर्जन आटोपल्याच्या दुसऱ्या दिवशी मंडळाचा कोषाध्यक्ष माझ्याकडे आला. तिशीच्या आतला मुलगा, मोबाईल दुरुस्तीचे लहानसे दुकान चालवतो. हातात लाल कापडी बांधणीची लांबट वही; आपल्या दुकानांत पूर्वी असे, तशीच. म्हणाला, "यंदाचा हिशोब तुम्ही एकदा तपासून द्या. मला चाकणच्या कंपनीत काम लागलं. पुढच्या वर्षी मी इथं राहणार नाही."

बँकेत पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या हिशोबांतील चुका काढण्यात गेल्यामुळे अशा कामाचा मला कंटाळा येत नाही. वर्गणी, मंडप, मूर्ती, वीज, ढोलपथक, महाप्रसाद, अशी खाती पाहत दुपार गेली. ११० रुपयांचा फरक येत होता. तो नारळांच्या एका पावतीत सापडला. समाधानाने वही मिटू लागलो तेव्हा ती हातातून निसटली आणि पालथी पडली. पाहतो तो मागच्या बाजूनेही ती भरलेली. मुलगा घाईने म्हणाला, "ते नका पाहू काकाजी. ते उत्सवाचं नाही."

ते उत्सवाचे नव्हते खरे. पहिल्या मागच्या पानावर नावांची यादी होती. नावापुढे रक्तगट, त्यापुढे एक तारीख आणि शेवटच्या रकान्यात आणखी एक तारीख. क्षणभर मला बँकेतील मुदत ठेवींची वही आठवली. तिच्यातही ठेवल्याची तारीख आणि देय तारीख अशीच शेजारी शेजारी असते. इथे पहिली तारीख रक्त दिल्याची होती आणि दुसरी पुन्हा देता येईल त्या दिवसाची. पुरुषाला एकदा रक्त दिल्यावर ९० दिवस थांबावे लागते, स्त्रीला १२० दिवस. मुलांनी प्रत्येकाचा तो दिवस मोजून लिहून ठेवला होता.

यात विशेष काय, असे वाचकांना वाटेल. रक्तदान शिबिरे आपणही घेतो. महावीर जयंतीला घेतो, कुणाच्या पुण्यस्मरणार्थ घेतो, छायाचित्र काढतो. मी तेच त्या मुलाला म्हणालो. त्याने जे सांगितले ते मला त्या वयात, एम.कॉम. होऊनही, सुचले नसते. शिबिरात एका दिवशी ढीगभर पिशव्या जमतात. पण रक्त हे गोदामात ठेवायच्या मालासारखे नाही. संपूर्ण रक्ताची पिशवी साधारण ३५ दिवस टिकते, रक्तातील प्लेटलेट्स तर पाच दिवससुद्धा मुश्किलीने. शिबिरात एकदम सर्वांनी रक्त दिले की पुढचे तीन महिने तेच सर्वजण एकदम निरुपयोगी होतात. आणि आपल्याकडे खरा तुटवडा पडतो तो मे महिन्यात. महाविद्यालये बंद असतात, मुले गावी गेलेली असतात, बेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात शिबिर घेण्यास कुणी धजत नाही. म्हणून या मंडळाने शिबिर घेणेच बंद केले. यादीतील माणसे वर्षभर पसरवून ठेवली. कोणत्याही आठवड्यात दोन-चार माणसे 'देय' असतील अशी. उलाढालीचे हे शास्त्र आपल्या व्यापारी घरांतील मुलांना जन्मतः कळते. ते रक्ताला लावावे, हे एका मोबाईल दुरुस्त करणाऱ्या मुलाला कळले.

याची गरज किती आहे, हे शासकीय रुग्णालयात एक रात्र काढल्याशिवाय समजत नाही. आपला जिल्हा सोळा तालुक्यांचा. उमरखेड, महागाव, झरी-जामणी या टोकांकडून रुग्ण शंभर किलोमीटरच्या आसपास प्रवास करून यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात येतात. कोलाम, गोंड, प्रधान या समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. त्यातील काही मुलांना अचानक रक्त चढवावे लागते. थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते, आणि ते आयुष्यभर. बाप शेतमजूर, सोबत आई, बोलण्याची भाषा अर्धी कोलामी. त्यांना "रक्तदाता आणा" म्हटले, तर या शहरात त्यांनी कुणाचे दार ठोठवायचे? वहीच्या मागच्या पानांवर अशा बऱ्याच नोंदी होत्या. रुग्णाचे नाव कुठेही नव्हते. फक्त गाव, रक्तगट आणि कोण गेले. एका नोंदीपुढे कंसात लिहिले होते, "गाडी पंक्चर, पायी गेला."

पुढच्या पानांवर रुग्णालयातील डब्यांचा हिशोब. रुग्णाला जेवण शासनाकडून मिळते, त्याच्याजवळ बसणाऱ्याला मिळत नाही. म्हणून पेठेतील काही घरांतून पाळीपाळीने पोळ्या गोळा होतात. भाजी मंडळ करते. कोणत्या घराची कोणती तिथी, हेही लिहिलेले. एका वृद्ध बाईंच्या नावापुढे केवळ "लोणचे" असे होते. विचारले तेव्हा कळले, त्यांना पोळ्या लाटवत नाहीत, म्हणून त्या वर्षाचे लोणचे देतात.

त्यानंतर २०१८ चा उन्हाळा. तो यवतमाळकर विसरू शकणार नाही. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, निळोणा आणि चापडोह ही शहराची दोन्ही धरणे तळाला गेली आणि बेंबळा प्रकल्पातून पाणी आणणाऱ्या जलवाहिनीचे काम अजून चालूच होते. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा राहिला नाही. ज्यांच्या घरी बोअर होती ते श्रीमंत, बाकीचे सगळे गरीब, अशी शहराची नवी विभागणी झाली. त्या पानांवर एक नकाशा आहे, हाताने काढलेला: कोणाच्या बोअरला किती वेळ पाणी येते, कोणत्या वेळी ते द्यायला तयार आहेत, कोणत्या घरात वर चढून पाणी नेऊ न शकणारे म्हातारे आहेत. माझ्या घरावर तेव्हा "बोअर आहे, सकाळी सहा ते सात" असे लिहिलेले दिसले. तो एक तास माझ्या पत्नीने दिला होता. मी फिरायला गेलेलो असे.

आणि २०२०. टाळेबंदीत आपल्या जिल्ह्यातून जाणारा नागपूर-हैदराबाद महामार्ग माणसांनी भरून गेला होता. तेलंगणातून उत्तरेकडे पायी निघालेले मजूर पांढरकवडा, करंजी, वडकी या वाटेने चालत होते. त्या वाटेवरच्या गावांतील पोरांनी, व्यापाऱ्यांनी, गुरुद्वाऱ्यांनी, सर्वांनीच त्यांना जेवू घातले. आमच्या मंडळाचे काम त्यातला एक थेंब. त्या वर्षी शासनाने सार्वजनिक मूर्तीची उंची चार फुटांवर आणली आणि देखाव्यांऐवजी आरोग्यविषयक उपक्रम घ्यावेत असे सांगितले. वहीच्या पुढच्या बाजूला त्या वर्षाचे उत्सवाचे पान जेमतेम अर्धे भरले आहे. मागची अकरा पाने भरली आहेत.

येथे मला माझी स्वतःची एक जुनी थकबाकी सांगितली पाहिजे. या मंडळाशी माझी पहिली भेट हिशोब तपासण्याच्या निमित्ताने झालेली नाही.

१९९६ साली मी शहरातील एका शाखेत व्यवस्थापक होतो. एप्रिल महिन्यात दोन मुले मंडळाचे बचत खाते उघडण्यासाठी आली. मी म्हणालो, ठरावाची प्रत आणा. आठ दिवसांनी प्रत घेऊन आली. मी म्हणालो, नियमावली कुठे आहे? तीही आणली, मग मी म्हणालो, ओळखदार खातेदाराची सही पाहिजे. तिसऱ्या खेपेस त्यांच्यातील मोठा मुलगा फक्त हसला आणि निघून गेला. नियमाने मी कुठेही चुकलो नव्हतो. परंतु तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून देण्यास मला दोन मिनिटे लागली असती. ती मी दिली नाहीत. मनात असे होते की गल्लीतली पोरे आहेत, वर्गणी गोळा करतील आणि उडवतील. यांच्या खात्याची कटकट कशाला?

मे महिन्यात माझे वडील गेले. रात्री साडेबाराची वेळ. आमच्या नात्यातील पेठेतली बहुतेक घरे एका लग्नासाठी जालन्याला गेलेली. धाकटा भाऊ इंदूरला. तो येईपर्यंत थांबणे भाग होते आणि उकाडा असा की भिंतीला हात लावता येत नव्हता. घरात मी, आई, पत्नी आणि दोन लहान मुले. समोरच्या शिंपीकाकांनी कुणाला तरी उठवले असावे. अर्ध्या तासात सात-आठ मुले आली. एकाने बर्फ कारखानदाराला झोपेतून उठवून लाद्या आणल्या, एकाने डॉक्टरांना बोलावले, दोघे स्टेशनवर जाऊन भावाला निरोप देणारा फोन लावून आले. उरलेली ओट्यावर सकाळपर्यंत बसून राहिली. कुणी काही बोलले नाही, कुणी चहासुद्धा मागितला नाही. सकाळी लाकडांची व्यवस्था झालेली होती. तिरडीला खांदा देणाऱ्यांत माझ्या बरोबर समोर तोच मुलगा होता, तीन वेळा परत पाठवलेला. त्याने मला ओळखले होते, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होते. त्याने त्या दिवशी एक शब्द काढला नाही आणि पुढेही कधी काढला नाही.

उठावण्यानंतर काही दिवसांनी तो बँकेत आला. म्हणाला, "साहेब, ओळखदार कोणाला करायचं ते सांगाल का?" कागदपत्रे मी स्वतः बसून पूर्ण केली. ते खाते आज २९ वर्षांनंतरही चालू आहे. तो मुलगा आता पन्नाशीचा आहे. त्याचे वेल्डिंगचे दुकान आहे. मंडळाच्या मंडपाचा लोखंडी सांगाडा दरवर्षी तोच उभारून देतो, मजुरी घेत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. मागची पाने वाचताना एक गोष्ट मला टोचत राहिली, आणि ती या मासिकाच्या वाचकांशी बोलल्यावाचून राहवत नाही.

वहीच्या पुढच्या बाजूला आपली नावे ठळक आहेत. वर्गणीच्या यादीत पहिल्या दहांत सहा-सात नावे आपल्या दुकानांची. मंडपाच्या कमानीवरील फलकही आपलेच. मागच्या बाजूला मात्र, त्या रक्ताच्या यादीत, डब्याच्या पाळीत, रात्री रुग्णालयात जाणाऱ्यांच्या नोंदीत, आपल्या घरांतील मुलांची नावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जी आहेत ती जुन्या पानांवर अधिक आणि नव्या पानांवर कमी. १९९६ मध्ये माझ्या ओट्यावर बसलेल्या सात-आठ मुलांत तीन आपल्या समाजाची होती. आज तशी वेळ आली तर एखादा असेल की नाही, सांगता येत नाही.

याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत आणि ती खोटी नाहीत. दहावीनंतर मुलगा पुण्याला किंवा नागपूरला जातो, तिकडेच नोकरीला लागतो. जो मागे राहतो त्याच्यावर दुकान असते, आणि दुकान आजकाल पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. माझा स्वतःचा मुलगा बंगळूरला आहे. त्याला मी कोणत्या तोंडाने बोलावू? शिवाय मंडळांविषयी आपल्या मनात जो राग आहे, तोही निराधार नाही. वर्गणीसाठी दुकानापुढे आठ-दहा जणांनी उभे राहून आकडा सांगायचा, विसर्जनात छाती हादरवणारा आवाज लावायचा, मंडपात देवीपेक्षा पुढाऱ्याचा फलक मोठा. हे प्रकार आपण सगळ्यांनी सोसले आहेत. आमच्या मंडळातही एके वर्षी यावरून भांडण होऊन अर्धी मुले निघून गेली होती. मी त्यांना साधू म्हणून रंगवीत नाही.

पण संघटितपणे काम करणे आपल्या समाजाला नवीन आहे, असेही नाही. १९८५ साली शांतिलाल मुथ्था यांनी स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तेथील सुमारे १,२०० मुलांना पुण्याला आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. आपत्ती आली की आपण थैली मोकळी करतो, माणसे पाठवतो, अन्नछत्रे उघडतो. प्रश्न आपत्तीचा नाही. प्रश्न मंगळवारी रात्री अकरा वाजता झरी-जामणीहून आलेल्या एका बापाला ओ-निगेटिव्हची पिशवी हवी असते, तेव्हाचा आहे. त्याला कोणतीही राज्यव्यापी संघटना पुरी पडत नाही. त्याला गल्लीतले कुणीतरी लागते, ज्याला ओ-निगेटिव्हचे घर ठाऊक आहे आणि ज्याच्या हाकेला ते घर दार उघडते.

तरुणांच्या अशा संघटना विदर्भात जुन्या आहेत. शेजारच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या आखाड्याचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. तेथील पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. १९७२ पासून नेहरू युवा केंद्रांनी खेड्यापाड्यांतील युवक मंडळांना आधार दिला. यांतील काही संस्था मोठ्या झाल्या, असंख्य मंडळे नुसतीच विरून गेली. बँकेच्या नोकरीत मी अशी कितीतरी खाती पाहिली की ज्यांत शेवटचा व्यवहार पाच-सात वर्षांपूर्वीचा आहे आणि शिल्लक बेचाळीस रुपये. भांडणामुळे फार थोडी बंद पडतात. बहुधा एक हिशोब लिहिणारा गावाबाहेर जातो आणि वही घ्यायला दुसरा कुणी नसतो, एवढ्यानेच ती संपतात.

आता थोडे व्यवहाराचे, कारण वर्गणी देणारे आपण आहोत आणि विचारण्याचा अधिकार आपला आहे. जे मंडळ नोंदणीकृत नाही, त्याला उत्सवासाठी पैसे गोळा करायचे तर धर्मादाय कार्यालयाकडून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते. ती पाहायला मागावी; मागितल्याने कुणाचा अपमान होत नाही. पैसे मंडळाच्याच खात्यात द्यावेत. अलीकडे एखाद्या पदाधिकाऱ्याच्या स्वतःच्या क्रमांकावर यूपीआय करण्याची पद्धत पडली आहे, ती त्या मुलासाठीही घातक आहे. उद्या त्याच्या खात्यात ही रक्कम कुठून आली, हे त्यालाच सांगावे लागेल. खात्यावर दोघांच्या सह्या असाव्यात आणि त्यांतील एक तरी सही दरवर्षी न बदलणारी असावी. आणि ज्यांना ८० जी ची सवलत हवी आहे त्यांनी आधी हे पाहावे की मंडळाला तशी मान्यता आहे का, बहुतेकांना नसते. असली तरी २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख दिल्यास सवलत मिळत नाही आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना तर ती नाहीच. माझा अनुभव असा की सवलतीचा विचार करून दिलेली वर्गणी नेहमी थोडी कमीच असते, म्हणून तो विचार न केलेलाच बरा.

कोजागरीला मंडळाची वार्षिक बैठक असते. आमच्याकडे दूध दोन वेळा आटते. आपल्या घरांतील जी मुले सूर्यास्तानंतर काही घेत नाहीत, त्यांच्यासाठी एक पातेले संध्याकाळी पाचला तयार होते, दुसरे चंद्र वर आल्यावर. ही प्रथा कुणी सुरू केली हे आता कुणाला आठवत नाही. गेल्या वर्षी पाचच्या पातेल्यापाशी आम्ही चौघेच होतो आणि चौघेही साठीच्या पुढचे. उरलेले दूध शेवटी रात्रीच्या पातेल्यात ओतावे लागले.

बैठकीत कोषाध्यक्षाने हिशोब वाचला, मी तपासल्याचे सांगितले, टाळ्या झाल्या. मग त्याने वही मांडीवर उलटी केली आणि विचारले, "हे कोण घेणार?" उत्सवाचा हिशोब घ्यायला दोघे तयार होते. मागची पाने घ्यायला कुणी नव्हते. कारण मागची पाने म्हणजे रात्रीचा फोन. अध्यक्ष म्हणाले, मग ते काम सध्या थांबवू, माणूस मिळाला की पुन्हा सुरू करू. बँकेत 'सध्या थांबवू' म्हटलेल्या किती गोष्टी पुन्हा सुरू झाल्या, हे मला माहीत आहे. मी बोलणार एवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, "मी लिहीन."

आपल्याच एका कापड व्यापाऱ्याची मुलगी, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. तिचे वडील माझ्या शेजारी बसले होते. वर्गणीच्या यादीत त्यांचे नाव गेली वीस वर्षे पहिल्या पाचांत आहे. ते एकदम म्हणाले, "रात्रीबेरात्री अनोळखी माणसांचे फोन येतील. लोक काय म्हणतील?" बैठकीत शांतता पसरली. तेव्हा लोणचेवाल्या बाई, ज्या कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या, म्हणाल्या, "लोक रक्त मागतील बाप्पा, आणखी काय म्हणतील?" सर्वजण हसले, तेही हसले, पण मान हलवली नाही. एका बापाची काळजी हसण्यावारी नेण्यासारखी नसते, हे मीही मान्य करतो.

त्यानंतर तासभर जी चर्चा झाली, तिचे इतिवृत्त देत नाही. ठरले ते असे. मंडळाचा एक वेगळा मोबाईल असावा, कुणाचाही खासगी क्रमांक दिला जाऊ नये. दिवसा तो मोबाईल त्या कापड दुकानाच्या गल्ल्यावर राहील. आलेला निरोप मुलगी किंवा दुकानातला कुणीही लिहून घेईल. रात्री नऊनंतर तो मोबाईल माझ्या घरी. मला तसेही रात्री झोप लागत नाही आणि बाहेर जाण्यासाठी दोन मुलांची आठवड्याची पाळी लावलेली आहे. तिच्या वडिलांनी एक वर्षापुरते कबूल केले. "एक वर्ष" हे त्यांनी तीन वेळा सांगितले.

लक्ष्मीपूजनाला मी त्यांच्या दुकानी गेलो होतो. पाटावर त्यांच्या वह्या मांडलेल्या. आता त्या नावापुरत्याच, खरा हिशोब संगणकात. सर्वांत खाली मंडळाची वही होती. कुणी ठेवली ते मी विचारले नाही. त्यांनी मला फक्त एवढे विचारले की त्यांचा रक्तगट बी-पॉझिटिव्ह आहे आणि वय छप्पन्न, तर चालेल का? पासष्टपर्यंत चालते, मी सांगितले. वजन आणि हिमोग्लोबिन ठीक असले पाहिजे, आणि पहिल्यांदाच देणार असाल तर आधी रक्तपेढीतल्या डॉक्टरांना विचारा. त्यांनी ते एका जुन्या बिलाच्या पाठीमागे लिहून घेतले.

मोबाईल रात्री माझ्या उशाशी असतो. दिवाळीपासून हा लेख लिहीपर्यंत सहा फोन आले. चार रक्तासाठी, चारही वेळा माणूस मिळाला. एक चुकीचा क्रमांक होता. आणि एक पहाटे तीन वाजता चाकणहून, जुन्या कोषाध्यक्षाचा: फोन उचलला जातो की नाही, ते पाहत होता.